सरोवर–भूजल विनिमय

सरोवर–भूजल विनिमय : सरोवराचे पाणी आणि सभोवतीच्या जमिनीतील भूजल यांची किनाऱ्याच्या व तळाच्या गाळातून होणारी देवाणघेवाण. भूजल सरोवरात पाझरते, सरोवराचे पाणी भूजलात मुरते किंवा एका काठाने भूजल आत येऊन दुसऱ्या काठाने सरोवराचे पाणी बाहेर पडते. ओढा सरोवरास जेथे मिळतो ती जागा दाखविता येते व पाऊस पर्जन्यमापकाने मोजता येतो. परंतु गाळाच्या कणांमधून संथपणे होणारी ही देवाणघेवाण दिसत नाही. यामुळे सरोवराच्या जलहिशोबात तिला दीर्घकाळ केवळ शिल्लक रकमेचे स्थान होते. म्हणजे पर्जन्य, बाष्पीभवन, ओढ्यांची आवक आणि सांडव्यावाटे होणारी जावक यांचा मेळ घातल्यावर जी तफावत उरे, ती भूजलाच्या नावे मांडली जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष मापनाच्या पद्धती उपलब्ध झाल्यावर दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, पुष्कळ सरोवरांच्या बाबतीत हा घटक मुळीच गौण नसतो. दोन, हा विनिमय तळावर सर्वत्र सारखा होत नसून बहुधा काठालगतच्या अरुंद पट्ट्यात एकवटलेला असतो. सरोवरात कोणते पाणी, कोणते क्षार आणि कोणती पोषकद्रव्ये येणार हे म्हणून बऱ्याच अंशी या पट्ट्यातील गाळावर आणि त्यामागील जमिनीच्या वापरावर अवलंबून असते.

सरोवरांचे प्रकार : भूजलाशी असलेल्या संबंधावरून सरोवरांचे तीन प्रकार मानतात. (१) आवक सरोवर : याच्या सर्व बाजूंची भूजलपातळी सरोवराच्या पातळीपेक्षा उंच असते व भूजल चहूकडून आत येते. (२) जावक सरोवर : याची पातळी सभोवतीच्या भूजलपातळीपेक्षा उंच असून पाणी तळातून व काठातून बाहेर झिरपते. महाराष्ट्रातील पाझर तलाव हे या प्रकारचे मुद्दाम निर्माण केलेले जलाशय होत. (३) आरपार प्रवाही सरोवर : हे भूजलाच्या उतारावर वसलेले असते. चढाच्या बाजूने भूजल आत येते व उताराच्या बाजूने सरोवराचे पाणी बाहेर पडते. वाळू व खडे यांनी बनलेल्या प्रदेशातील, ओढानाला नसलेली अनेक सरोवरे या प्रकारची आहेत. भूजलपातळी खड्ड्यामुळे उघडी पडलेली जागा असेच त्यांचे वर्णन करता येते. हे प्रकार कायमचे नसतात. पावसाळ्यात आवक असलेले सरोवर उन्हाळ्यात जावक होऊ शकते आणि एकाच वेळी एका काठाचे वर्तन दुसऱ्या काठाहून भिन्न असू शकते.

प्रवाहाची प्रेरणा : पाणी नेहमी अधिक जलशीर्षाकडून कमी जलशीर्षाकडे वाहते. जलशीर्ष म्हणजे त्या ठिकाणी रोवलेल्या उभ्या नळीत पाणी ज्या उंचीपर्यंत चढते ती उंची. फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी दीझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात वाळूच्या स्तंभातून पाणी गाळण्याचे प्रयोग करून १८५६ मध्ये जो नियम प्रसिद्ध केला तोच येथेही लागू पडतो. या नियमानुसार एकक क्षेत्रफळातून वाहणारे पाणी जलशीर्षातील उताराच्या आणि पदार्थाच्या जलसंवाहकतेच्या (पाणी वाहू देण्याच्या क्षमतेच्या) सम प्रमाणात असते [⟶ भूजल].

उदाहरणादाखल, काठाजवळ २०० मी. अंतरात भूजलपातळी १ मी. ने उतरत असेल, तर उतार ०.००५ होतो. स्वच्छ वाळूची जलसंवाहकता दिवसास १० मी. धरल्यास पाझर दिवसास ५ सेंमी. येतो. किनाऱ्याच्या १०० मी. लांबीत व १० मी. रुंदीच्या पट्ट्यात असा पाझर असेल, तर दररोज ५०,००० लि. पाणी सरोवरात येते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर त्याची खूणही दिसत नाही. त्याच ठिकाणी वाळूऐवजी दिवसास ०.०००१ मी. जलसंवाहकतेची चिकण माती असेल, तर त्याच उतारावर पाझर वर्षाकाठी ०.२ मिमी. हूनही कमी पडतो. नैसर्गिक गाळांच्या जलसंवाहकतेत लक्षावधी पटींचा फरक असू शकतो, तर उतारातील फरक त्या मानाने मर्यादित असतो. म्हणून पाझर कोठे किती होईल हे ठरविण्यात गाळाचे स्वरूप फार महत्त्वाचे असते.

विनिमय काठाशी एकवटण्याची कारणे : पहिले कारण भूमितीय आहे. भूजलपातळी उताराची असते, तर सरोवराचा पृष्ठभाग सपाट असतो व संपूर्ण तळावर जलशीर्ष एकच असते. हे दोन पृष्ठभाग काठाशी जेथे मिळतात तेथे उतारात एकाएकी खंड पडतो. जमिनीतून जवळजवळ आडवे येणारे भूजल या ठिकाणी वर वळते आणि बाहेर पडण्याचा सर्वांत जवळचा मार्ग घेते. यामुळे प्रवाहरेषांची काठाशी दाटी होते. एम. एस. मॅकब्राइड आणि एच. ओ. फानकुख यांनी १९७५ मध्ये असे दाखवून दिले की, काठापासून आत जावे तसा पाझर घातांकी रीतीने घटत जातो, म्हणजे ठराविक अंतरागणिक तो ठराविक पटीने कमी होतो. जलधर थराच्या (पाणी धारण करणाऱ्या व वाहू देणाऱ्या थराच्या) जाडीच्या मानाने सरोवर जितके रुंद, तितके हे एकवटणे अधिक ठळक असते.

दुसरे कारण गाळाच्या निक्षेपणात आहे. उथळ पाण्यात लाटा तळ सतत ढवळीत असल्याने बारीक कण तेथे टिकत नाहीत. ते शांत व खोल पाण्यात जाऊन बसतात. परिणामी काठाशी धुतलेली वाळू व खडे, तर मध्यभागी मृत शेवाळ, कुजकट द्रव्य आणि मृत्तिका यांचा मऊ थर अशी रचना होते. हा थर पाण्याला झाकणासारखा अडवतो. जेथे प्रवाहरेषांची दाटी होते तेथेच गाळ सर्वांत मोकळा असतो, म्हणून दोन्ही कारणे एकमेकांना पूरक ठरतात.

या सामान्य नियमाला अपवादही आहेत. स्तरित गाळात पाणी आडव्या दिशेने सुलभपणे व उभ्या दिशेने कष्टाने वाहते. अशा वेळी पाझर काठापासून दूरवर पसरतो. कठीण खडकातील भेगा किंवा मऊ थराखालून वर आलेली वाळूची एखादी जिभाळी यांमुळे खोल पाण्यातही झरे आढळतात. दाट झाडोऱ्याच्या किंवा वाऱ्यापासून आडोसा असलेल्या काठावर बारीक गाळ साचून पाझर मंदावतो. म्हणून एकाच किनाऱ्यावर काही मीटर अंतरावरील दोन ठिकाणांच्या पाझरात कित्येक पटींचा फरक पडणे नवलाचे नाही.

अमेरिकन जलशास्त्रज्ञ टॉमस सी. विंटर यांनी १९७६ मध्ये सरोवर आणि भूजल यांच्या परस्परसंबंधाचे संगणकीय प्रतिरूप प्रसिद्ध केले. सरोवराच्या उताराकडील बाजूस भूजलपातळीचा उंचवटा असल्यास सरोवराखाली जलशीर्षाची एक अखंड सीमा तयार होते व तिच्यावरील प्रत्येक बिंदूचे जलशीर्ष सरोवराच्या पातळीहून अधिक राहते. ही सीमा अभंग असेपर्यंत उंचावरील सरोवराचे पाणीही खाली गळत नाही. अवर्षणाने किंवा विहिरींच्या उपशाने उंचवटा खचला, तर मात्र सीमा भंगते व तळ न बदलताही सरोवर गळू लागते. सरोवराची गळती केवळ त्याच्या तळावर नव्हे, तर काठामागील भूजलाच्या स्थितीवर अवलंबून असते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

कालानुसार होणारे बदल : काठाशी भूजलपातळी जमिनीच्या अगदी जवळ असते. तिच्यावरील माती केशाकर्षणामुळे आधीच जवळजवळ संपृक्त असल्याने थोड्याशा पावसानेही पातळी झपाट्याने वर येते. दूरच्या उंच जमिनीत तेच पाणी भूजलापर्यंत पोहोचण्यास आठवडे किंवा महिने लागतात. यामुळे पावसानंतर प्रथम काठालगत भूजलाची एक तात्पुरती वरंब उभी राहते. तिच्यातून पाणी एकीकडे सरोवरात व दुसरीकडे जमिनीच्या आतील भागाकडे वाहते.

याच्या उलट परिणाम वनस्पतींमुळे होतो. काठावरील झाडांची मुळे भूजलापर्यंत पोहोचलेली असतात आणि दिवसा बाष्पोच्छ्वासासाठी ती पाणी ओढतात. पी. मेबूम यांनी कॅनडातील सस्कॅचेवन प्रांतात पाणथळींभोवती वाढलेल्या वाळुंजाच्या कड्यांचा अभ्यास करून १९६६ मध्ये असे दाखविले की, वाढीच्या हंगामात या झाडांखाली भूजलपातळीत खळगा पडतो व पाणथळीतील पाणी काठाकडे ओढले जाते. काठाचे झाड सरोवराला सावली देते, तसे ते त्याचे पाणीही पिते. याखेरीज लाटांचा दाब व वाऱ्यामुळे पातळीत होणारी हेलकाव्याची हालचाल यांमुळे वरच्या काही सेंमी. गाळात पाण्याची अल्पकालीन ये-जा चालू असते. तिच्यामुळे सरोवराच्या एकूण साठ्यात भर पडत नाही. मात्र गाळाला प्राणवायू मिळतो.

गाळातील रासायनिक क्रिया : किनारी गाळ ही केवळ चाळणी नव्हे. भूजल आणि सरोवराचे पाणी यांचे तापमान, प्राणवायूचे प्रमाण व क्षार भिन्न असतात. ही दोन पाणी काही सेंमी. ते काही मी. जाडीच्या गाळात एकत्र येतात. कणांवर वाढणारे सूक्ष्मजंतू सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना आधी प्राणवायू वापरतात. तो संपल्यावर ते नायट्रेटातील ऑक्सिजन घेतात व नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर होते. याला विनायट्रीकरण म्हणतात. शेतातील खतांतून व मैल्यातून भूजलात उतरलेले नायट्रेट सरोवरात पोहोचण्यापूर्वी या क्रियेने बऱ्याच प्रमाणात नाहीसे होऊ शकते. मात्र त्यासाठी गाळात सेंद्रिय द्रव्य हवे आणि पाण्याने गाळात पुरेसा वेळ थांबावयास हवे. स्वच्छ वाळूतून वेगाने येणारे पाणी नायट्रेटासह सरोवरात शिरते. म्हणजे ज्या जागी पाझर सर्वांत जोराचा असतो, तेथेच शुद्धीकरण सर्वांत अपुरे असण्याची शक्यता असते.

फॉस्फरसाची कथा निराळी आहे. प्राणवायुरहित भूजलात लोह विरघळलेल्या स्थितीत असते. काठाशी प्राणवायूची गाठ पडताच त्याचे ऑक्सिडीकरण होऊन तांबूस हायड्रॉक्साइड कणांवर बसते. पाझराच्या जागी वाळूवर दिसणारे गंजासारखे डाग ही याची खूण होय. हे हायड्रॉक्साइड फॉस्फेट धरून ठेवते. परंतु ही पकड कायमची नसते. कणांची धारणक्षमता भरली किंवा गाळातील प्राणवायू संपून लोह पुन्हा विरघळले, की साठलेले फॉस्फेट मोकळे होते. गोड्या पाण्याच्या बहुतेक सरोवरांत शेवाळाची वाढ फॉस्फरसाच्या उपलब्धतेने मर्यादित झालेली असते. यामुळे भूजलातून येणारा अल्प फॉस्फरसही सुपोषणास, म्हणजे पोषकद्रव्यांच्या अतिरेकाने पाणी हिरवे व प्राणवायुहीन होण्यास, कारणीभूत ठरू शकतो.

मापनाच्या पद्धती : (१) पाझरमापक : १९७७ मध्ये डेव्हिड आर. ली यांनी सरोवरांसाठी एक अत्यंत साधे उपकरण सुचविले. लोखंडी पिंपाचे टोक कापून ते तोंड खाली करून गाळात रोवतात व वरच्या छिद्रास प्लॅस्टिकची पातळ पिशवी जोडतात. पिंपाने झाकलेल्या सु. ०.२५५ चौ. मी. क्षेत्रातून येणारे पाणी पिशवीत जमते. तासाभरात सु. ५३० मिलि. पाणी जमल्यास पाझर दिवसास ५ सेंमी. होतो. सरोवराचे पाणी बाहेर जात असेल, तर पिशवीतील पाणी घटते. कोरी पिशवी स्वतःच्या ताणाने पाणी ओढून घेत असल्याने तीत आरंभीच मोजून थोडे पाणी भरतात. लाटा व प्रवाह यांच्यापासून पिशवीला आडोसाही करतात. (२) दाबमापक नळ्या : तळाच्या टोकाशी छिद्रे असलेली बारीक नळी गाळात ठोकून तिच्यातील पाण्याची पातळी सरोवराच्या पातळीशी ताडून पाहतात. नळीतील पातळी उंच असल्यास भूजल वर येत असते, खाली असल्यास सरोवराचे पाणी मुरत असते. (३) तापमान : भूजलाचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, त्या स्थळाच्या सरासरी वार्षिक तापमानाच्या आसपास असते. म्हणून उन्हाळ्यात पाझराच्या जागी गाळ थंड, तर हिवाळ्यात उबदार लागतो. थंड देशांत अशा जागी काठाचे पाणी गोठत नाही. अलीकडे तळावर प्रकाशीय तंतूची केबल अंथरून तिच्या लांबीवरील तापमानाची सलग नोंद घेतात व पाझराच्या जागा हुडकतात. (४) समस्थानिक : बाष्पीभवनात हलक्या समस्थानिकांचे पाणी आधी उडून जाते व सरोवरात ऑक्सिजन (१८) आणि ड्यूटेरियम यांचे प्रमाण वाढते. काठामागील विहिरीच्या पाण्यात ही खूण आढळल्यास त्यात सरोवराचे पाणी मिसळले आहे, असे ठरते. गाळातील रेडियमापासून निर्माण होणारा रेडॉन (२२२) वायू भूजलात पुष्कळ असतो. परंतु त्याचे अर्धायुष्य केवळ ३.८ दिवसांचे असल्याने व तो हवेत निसटत असल्याने सरोवरात टिकत नाही. म्हणून काठाच्या पाण्यातील रेडॉन ताज्या पाझराची साक्ष देतो. पिंप आणि नळी एका बिंदूची माहिती देतात, तर समस्थानिक संपूर्ण सरोवराची. म्हणून एकाच पद्धतीवर विसंबून न राहता दोन-तीन पद्धतींची फलिते ताडून पाहण्याचा प्रघात आहे.

काही सरोवरे : काठाच्या गाळाचे महत्त्व दर्शविणारे एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील केप कॉड येथील अ‍ॅशुमेट पाँड हे होय. हिमयुगाच्या अखेरीस वाळू व खडे यांच्या मैदानात पुरले गेलेले बर्फाचे खंड वितळून जे खड्डे पडले त्यांपैकी एकात हे आरपार प्रवाही सरोवर आहे. याच्या चढाच्या बाजूस सु. अर्ध्या किमी. अंतरावरील लष्करी तळाचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९३६ पासून १९९५ पर्यंत वाळूच्या वाफ्यांतून जमिनीत मुरविले जात असे. त्यातील फॉस्फरस वाळूच्या कणांना चिकटत व सुटत भूजलाच्या मानाने अत्यंत संथपणे पुढे सरकला आणि दशकांनंतर सरोवराच्या काठाशी पोहोचला. सांडपाणी १९९५ च्या डिसेंबरात बंद करण्यात आले. परंतु कणांवर साठलेला फॉस्फरस नंतर येणाऱ्या स्वच्छ पाण्यात सुटत राहिला. यावर २००४ मध्ये जो उपाय योजण्यात आला तो सरोवराच्या पाण्यावर नसून काठाच्या गाळावरच होता. पाझर जेथे एकवटला होता त्या उथळ तळातील वाळूत लोखंडाचा चुरा मिसळून अडसर निर्माण करण्यात आला. लोखंड गंजताना तयार होणाऱ्या संयुगांनी वर येणाऱ्या भूजलातील फॉस्फेट मोठ्या प्रमाणात धरून ठेवले. विनिमय एका अरुंद पट्ट्यात होतो हे मापनाने कळले होते, म्हणूनच हा उपाय आटोक्यातील ठरला.

जर्मनीतील आरेंडझे हे सु. ५ चौ. किमी. क्षेत्राचे व सु. ५० मी. खोल सरोवर दीर्घकाळ सुपोषणाने ग्रासलेले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, बाहेरून येणाऱ्या फॉस्फरसापैकी निम्म्याहून अधिक फॉस्फरस भूजलातून येतो व त्याचा उगम दक्षिण काठावरील गावाखालच्या भूजलात आहे. ओढे आणि गटारे यांवरच लक्ष दिले असते, तर हा वाटा हिशोबातून सुटला असता.

हा विनिमय माणसाच्या उपयोगीही पडतो. बर्लिन शहराच्या पिण्याच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी टेगेल, व्हानझे इ. सरोवरांच्या व नद्यांच्या काठच्या विहिरींतून येते. विहिरींच्या उपशामुळे काठाचा उतार उलटा होतो, पाणी गाळातून कित्येक आठवडे वा महिने प्रवास करून विहिरीत येते व वाटेत त्यातील शेवाळ, सूक्ष्मजंतू आणि पुष्कळसे सेंद्रिय द्रव्य निघून जाते. भारतात नैनिताल येथे नैनी सरोवराच्या काठच्या नलिकाकूपांतून अशाच रीतीने गाळलेले पाणी शहरास पुरविले जाते. समस्थानिकांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात नैनी सरोवराच्या आवकेचा जवळजवळ निम्मा भाग भूपृष्ठाखालून येत असल्याचे आढळले आहे. जवळच्या सुखाताल या हंगामी सरोवरात मुरणारे पाणी या आवकेचा एक महत्त्वाचा स्रोत आहे. म्हणून सुखातालच्या पात्रावरील बांधकामाचा परिणाम, दोहोंमध्ये दृश्य प्रवाह नसतानाही, नैनी सरोवरावर होतो.

महाराष्ट्रातील लोणार हे सु. १.८ किमी. व्यासाच्या उल्काविवरातील खारे व क्षारधर्मी सरोवर आहे. त्यास पृष्ठीय निर्गम नाही. सभोवतीच्या बेसाल्ट पठारातील गोडे भूजल खडकातील सांध्यांतून विवराच्या उतारावर धारेसारख्या झऱ्यांच्या रूपाने, तसेच काठच्या गाळातून पाझरून येते. बाष्पीभवनाने पाणी जाते व क्षार मागे राहतात. खारे पाणी जड असल्याने ते गाळात खाली बसते व त्याच्या अंगावरून गोडे भूजल वर चढून अगदी काठाशी बाहेर पडते. त्यामुळे खाऱ्या सरोवरांत गोड्या पाझराचा पट्टा अधिकच अरुंद होतो. कमळजा देवीच्या मंदिरासमोरील ‘सासू-सुनेची विहीर’ अर्धी गोड व अर्धी खारी आहे, असे लोक सांगतात. काठावर दोन भिन्न पाणी शेजारी नांदणे ही गोष्ट अशा सरोवराच्या जलविज्ञानाशी सुसंगतच आहे.

पाझर तलाव आणि गाळ : महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातील व नंतरच्या रोजगार हमीच्या कामांतून बांधलेल्या पाझर तलावांचा हेतूच मुळी जलाशयाचे पाणी भूजलात उतरविणे हा आहे. तेथे गाळाचा प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. पावसाळ्यात पाणलोटातून वाहून येणारी काळी माती व पोयटा तळावर बसतात, तळाची जलसंवाहकता घटते आणि खालच्या विहिरींना पाणी मिळण्याऐवजी तलावाचे पाणी उन्हाने उडून जाते. अशा तलावात काठचा उथळ पट्टा पाणी ओसरल्यावर दरवर्षी उघडा पडतो व तडकतो. पुन्हा पाणी चढताना त्या भेगांतून काही काळ अधिक पाणी मुरते. तळाचा बारीक गाळ वेळोवेळी काढल्यास मुरण्याचा वेग पुन्हा वाढतो व तोच गाळ शेतास उपयोगी पडतो. २०१७ मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमागे हेच दुहेरी तत्त्व आहे. मात्र गाळ उकरताना खालचा सच्छिद्र मुरूम उघडा पडणे पाझर तलावास हितावह असले, तरी पाणी साठविण्यासाठी बांधलेल्या तलावास ते घातक ठरू शकते. एकाच कृतीचे फळ जलाशयाच्या हेतूप्रमाणे बदलते.

व्यावहारिक महत्त्व : सरोवराचे रक्षण करताना सामान्यतः त्यात मिळणारी गटारे वळविणे, कचरा काढणे व काठास दगडी बांध घालणे यांवर भर दिला जातो. वरील विवेचनावरून या उपायांची मर्यादा ध्यानी येते. काठामागील वस्तीचे शौचखड्डे, खताने भरलेली शेते आणि कचऱ्याचे ढीग यांतील द्रव्ये भूजलावाटे त्याच काठाशी पोहोचतात. त्यांच्या प्रवासास वर्षे किंवा दशके लागत असल्याने कारण आणि परिणाम यांचा संबंध लवकर लक्षात येत नाही व कारण दूर केल्यावरही परिणाम दीर्घकाळ चालू राहतो. काठास सिमेंटची भिंत घातल्यास भूजलाची वाट अडते अथवा ते अन्यत्र उगवते. धुतलेल्या वाळूचा आणि सूक्ष्मजंतूंचा जो पट्टा पाणी गाळीत असतो, तोही नष्ट होतो. काठालगत खोल विहिरी घेऊन बेसुमार उपसा केल्यास आवक सरोवराचे जावक सरोवरात रूपांतर होऊ शकते.

यासाठी सरोवराची सीमा पाण्याच्या काठावर न थांबविता, ज्या जमिनीतील भूजल त्यास येऊन मिळते त्या संपूर्ण क्षेत्रापर्यंत ती धरावी लागते. हे क्षेत्र पृष्ठीय पाणलोटाशी जुळतेच असे नाही. त्याचा नकाशा काठामागील विहिरींच्या पातळ्या वर्षभर नोंदवूनच काढता येतो. मोजपट्टी, काही नळ्या व पिंपाचे टोक एवढ्या साधनांनी या कामास आरंभ करता येतो आणि लहान सरोवरांच्या बाबतीत तेवढ्यानेही पाणी कोठून येते व कोठे जाते याचे बरेचसे ज्ञान होते [⟶ जलविज्ञान, सरोवर].